‘कशावरून?’ : ऑनर्सच्या वर्गातील पहिला धडा

(महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



बारावीचा निकाल, प्रवेशअर्ज, गुणवत्ता याद्या ही सारी धावपळ आता संपली आहे. घराघरांत थोडी शांतता आली आहे आणि प्रवेशाची पावती कपाटात नीट ठेवून झाली आहे. त्या पावतीवर किंवा महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत ‘ऑनर्स’ हा शब्द अनेकांनी प्रथमच वाचला असेल. जुन्या पिढीला मात्र हा शब्द नवा नाही. त्या काळच्या पदवीधरांच्या नावापुढे ‘बी. ए.’ आणि कंसात ‘ऑनर्स’ असे अभिमानाने लिहिलेले असे. दिल्ली-कोलकात्याकडे हा शब्द कायम प्रचारात राहिला, महाराष्ट्रात तो पुढे मागे पडला आणि आता पुन्हा आला आहे.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास मान्यता दिली. त्या धोरणानुसार पदवीचे शिक्षण तीन किंवा चार वर्षांचे झाले. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत ही रचना लागू झाली. तीन वर्षे पूर्ण करणाऱ्यास पदवी आणि चौथे वर्षही पूर्ण करणाऱ्यास ऑनर्स पदवी, असा तिचा ढोबळ अर्थ आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प घेऊन ‘संशोधनासह ऑनर्स’ ही पदवी मिळवता येते.

इतकी माहिती कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडेल. जे तेथे सापडत नाही, त्याविषयी आज विचार करावयाचा आहे. चौथ्या वर्षी मिळणाऱ्या या पदवीची खरी परीक्षा चौथ्या वर्षी होत नाही. ती पहिल्या वर्षी, मुख्य विषयाच्या पहिल्याच अभ्यासक्रमात होते. ज्याला ‘प्रास्ताविक’, ‘परिचयात्मक’ किंवा ‘पायाभूत’ असे साधे नाव दिलेले असते, त्या अभ्यासक्रमात विद्यार्थी कसा वावरतो यावर पुढची चार वर्षे ठरतात.

नाव सोपे, वाट अवघड

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात अभ्यासक्रमांना क्रमांकांच्या पायऱ्या दिल्या आहेत. १०० ते १९९ या क्रमांकांचे अभ्यासक्रम पायाभूत अथवा प्रास्ताविक, २०० ते २९९ मध्यम पातळीचे, ३०० ते ३९९ वरच्या पातळीचे आणि ४०० च्या पुढचे प्रगत मानले आहेत. साहजिकच पालकांना वाटते, पहिली पायरी म्हणजे सोपी पायरी. बारावीत जे झाले त्याचीच थोडी उजळणी असेल. विद्यार्थ्यालाही तसेच वाटते, आणि पहिल्या चाचणीपर्यंत तो त्याच समजुतीत राहतो.

एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. हिंगोली किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी बारावी झालेली एक विद्यार्थिनी. माध्यम मराठी, गुण ८८ टक्के, शाळेच्या फलकावर नाव लागलेले. इतिहासाची आवड म्हणून तिने पुण्यातील एखाद्या महाविद्यालयात इतिहास हा मुख्य विषय घेतला. वसतिगृहात जागा मिळाली. वर्गात बसू लागली. शिकवले जाते ते तिने मन लावून उतरवून घेतले, पाठ केले आणि पहिल्या अंतर्गत चाचणीत चार पाने भरून उत्तर लिहिले. तिला २० पैकी ११ गुण मिळाले. उत्तरात चूक कोठेही नव्हती. समासात मात्र तांबड्या शाईने तीन ठिकाणी एकच शब्द लिहिलेला होता : ‘कशावरून?’

अशी विद्यार्थिनी एकटी नसते. प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक विषयात, दरवर्षी असे विद्यार्थी असतात. त्या रात्री ते घरी फोन करतात. ‘बाबा, विषय बदलू का?’ हा प्रश्न त्याच रात्री विचारला जातो. आजचे हे सारे विवेचन त्या फोनसाठी आहे. त्याला घरातून काय उत्तर मिळते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

एका तारखेचा प्रवास

‘कशावरून?’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेण्यासाठी आपल्या सर्वांना ठाऊक असलेली एक तारीख घेऊ. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला. शाळेतील मूलही हे सांगेल आणि शाळेत त्याला पूर्ण गुण मिळतील. ऑनर्सच्या वर्गात मात्र अध्यापक विचारतील, कशावरून?

मग कळते की, एकेकाळी शके १५४९ मधील वैशाख महिना, म्हणजे इसवी सन १६२७, हा जन्मकाळ मानला जात होता. त्याला आधार होता तो पुढच्या काळात लिहिल्या गेलेल्या बखरींचा. कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यात जपून ठेवलेली एक शकावली लोकमान्य टिळकांना उपलब्ध झाली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ती प्रसिद्ध झाली. या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. महाराजांचे समकालीन कवींद्र परमानंद यांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही फाल्गुन वद्य तृतीयाच आढळली. दोन स्वतंत्र साधने एकाच तिथीकडे बोट दाखवू लागली. तिथी, वार आणि शक यांचा मेळ गणिताने पडताळता येतो. तो घातला असता शुक्रवारच येतो. पुढे महाराष्ट्र शासनानेही १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली.

एवढ्यावर प्रश्न संपत नाही. ही १९ फेब्रुवारी कोणत्या कालगणनेतील? ती ज्युलियन कालगणनेतील आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कालगणनेनुसार तोच दिवस १ मार्च १६३० असा येतो. म्हणजे शाळेत एका ओळीत संपलेल्या उत्तराच्या मागे बखर आणि शकावली यांतील फरक, समकालीन आणि उत्तरकालीन साधनांचे मूल्य, पंचांगाचे गणित आणि कालगणनांचा इतिहास, एवढे सारे उभे आहे.

आता विचार करावा. हे समजून घेतल्यावर त्या विद्यार्थिनीची शिवछत्रपतींवरील भक्ती उणावते का? मुळीच नाही. उलट, पुढे कोणी तिला आव्हान दिले की ही तारीख खोटी, तर तिच्यापाशी आवाज चढवण्यापलीकडे काही तरी असेल. साधने समोर ठेवून ती शांतपणे बोलू शकेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे एकूण २२ खंड सिद्ध केले. कागदपत्रांच्या शोधात त्यांनी गावोगाव पायपीट केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. या सगळ्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. तो आपल्याच घरातील आहे आणि अलीकडे आपण तो विचारायचे थोडे विसरलो आहोत.

इतिहासात जो प्रश्न तिथीविषयी विचारला जातो, तोच अर्थशास्त्रात आकडेवारीविषयी, पदार्थविज्ञानात प्रयोगाविषयी आणि साहित्यात संहितेविषयी विचारला जातो. विषय बदलला तरी प्रास्ताविक अभ्यासक्रमाचे काम बदलत नाही. त्या विषयात एखादी गोष्ट ‘खरी’ कशी ठरते, हे तो शिकवतो. म्हणूनच तो अवघड असतो, आणि म्हणूनच बारावीच्या अभ्यासाची जुनी सवय तेथे अपुरी पडते.

सुभाषबाबूंचा तत्त्वज्ञानाचा वर्ग

नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे विद्यार्थिजीवन या दृष्टीने मननीय आहे. १९१३ मध्ये कटकहून मॅट्रिकच्या परीक्षेत ते कोलकाता विद्यापीठात दुसरे आले आणि प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दाखल झाले. पुढची दोन वर्षे समाजकार्य, साधुसंतांचा शोध आणि मित्रांच्या चर्चा यांत गेली. अभ्यास मागे पडला. १९१५ मध्ये इंटरमीजिएटचा निकाल लागला तेव्हा प्रथम श्रेणी मिळाली खरी, पण यादीतील क्रमांक बराच खाली होता. आपल्या अपूर्ण राहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे प्रांजळपणे नोंदवले आहे. पदवीला तरी ही कसर भरून काढायची, असा निश्चय करून त्यांनी तत्त्वज्ञानाचा ऑनर्स अभ्यासक्रम घेतला. ती त्यांची जुनी इच्छा होती.

विवेकानंदांच्या विचारांनी भारलेला, वेदान्तावर नितांत श्रद्धा असलेला हा अठरा वर्षांचा तरुण पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसला आणि त्याच्यासमोर पहिल्यांदाच संशय ही एक पद्धत म्हणून आली. कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, युक्तिवादातील दोष हेरावेत, गृहीतकांपासून मन मोकळे करावे, ही त्या विषयाची शिकवण. तिचा पहिला परिणाम असा झाला की, ज्या वेदान्तावर ते उभे होते त्याच्याविषयीच प्रश्न विचारू लागले. केवळ बौद्धिक व्यायाम म्हणून त्यांनी जडवादाच्या बाजूने निबंधही लिहिले. श्रद्धावान तरुणाने आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध पक्षाची वकिली करून पाहिली. आज एखाद्या घरातील मुलाने असे काही केले तर घरात केवढी खळबळ उडेल! सुभाषबाबूंचे मात्र त्यात काही हरवले नाही. जे मानायचे ते तपासून मानायचे, ही सवय मात्र त्यांना लागली.

हा अभ्यास सुरळीत पार पडला असेही नाही. १९१६ च्या प्रारंभी प्राध्यापक ओटन यांच्यासंबंधीचे प्रकरण घडले आणि सुभाषबाबूंना प्रेसिडेन्सीतून काढून टाकण्यात आले. विद्यापीठाची दारेही बंद झाली. ते कटकला परतले, रुग्णसेवेच्या कामात रमले. १९१७ मध्ये पुन्हा शिकण्याची अनुमती मिळाली तेव्हा त्यांनी स्कॉटिश चर्च महाविद्यालयात नाव घातले, आणि विषय तोच घेतला : तत्त्वज्ञान, ऑनर्स. म्हणजे पदवीच्या वर्गातील ते पहिले वर्ष त्यांना दुसऱ्यांदा करावे लागले. १९१९ मध्ये ते प्रथम श्रेणीत, गुणानुक्रमे दुसरे येऊन उत्तीर्ण झाले.

दोन वर्षे वाया गेली म्हणून त्यांनी सोपी वाट धरली नाही, हे येथे लक्षात घ्यावे. पुढे १९२० मध्ये ते आय. सी. एस.च्या परीक्षेत चौथे आले आणि १९२१ मध्ये त्यांनी त्या सेवेचा त्याग केला. तो त्याग सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधीची, वर्गात बसून स्वतःच्याच समजुती तासून पाहणारी वर्षे फारशी कोणी आठवत नाही. एवढा मोठा निर्णय घेणारे मन एका दिवसात घडत नसते.

क्रमांकाचे वेड आणि रँग्लर परांजपे

ऑनर्सची कल्पना मूळ इंग्लंडमधली. तेथील जुन्या विद्यापीठांत केवळ उत्तीर्ण होऊ इच्छिणारे आणि एका विषयात खोलवर जाऊ इच्छिणारे, असे विद्यार्थ्यांचे दोन वर्ग पडले. केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा तर जगभर गाजली. तिच्यात प्रथम श्रेणीत येणाऱ्यास ‘रँग्लर’ आणि सर्वप्रथम येणाऱ्यास ‘सीनिअर रँग्लर’ म्हणत. १८९९ मध्ये हा मान एका इंग्रज विद्यार्थ्यासह संयुक्तपणे मिळवला तो दापोली तालुक्यातील मुर्डी या खेड्यात जन्मलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या काळी साऱ्या महाराष्ट्राची मान उंचावली.

रँग्लर परांजपे यांच्यासमोर तेव्हा कोणतीही वाट मोकळी होती. ते पुण्याला परतले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून अल्प वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि १९०२ मध्ये तेथील प्राचार्य झाले. त्यांच्या विचारांशी, विशेषतः त्यांच्या बुद्धिप्रामाण्यवादाशी, अनेकांचे मतभेद झाले. तरीही मिळालेली विद्या आपल्या समाजाच्या मुलांपर्यंत पोहोचवण्याचे व्रत त्यांनी पाळले, याविषयी दुमत नाही.

या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. ज्या ट्रायपॉसच्या क्रमांकांनी वृत्तपत्रांचे रकाने भरत, तिचे क्रमवार निकाल केंब्रिजने १९०९ नंतर जाहीर करणे बंद केले. त्याचे एक मोठे कारण असे की, पहिला क्रमांक मिळवण्यासाठी विद्यार्थी खासगी शिकवणीच्या मागे लागत, ठरावीक प्रकारचे प्रश्न वेगाने सोडवण्याचा सराव करत, आणि खरे गणित बाजूला राही. आपल्याकडील शिकवणी वर्गांचे आणि अपेक्षित प्रश्नसंचांचे चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात काही अनोळखी वाटणार नाही. क्रमांकाची परंपरा जेथे सर्वांत जुनी, त्याच विद्यापीठाला ही चूक उमगली आणि त्याने ती सुधारली.

चाळीस तासांचा हिशेब

आता व्यवहाराकडे वळू. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास. त्यांपैकी व्याख्यानाच्या विषयात १५ तास वर्गात जातात, उरलेले १५ विद्यार्थ्याने स्वतः भरायचे असतात. चार श्रेयांकांचा प्रास्ताविक अभ्यासक्रम म्हणजे एकूण १२० तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास वर्गात आणि चार तास ग्रंथालयात किंवा अभ्यासिकेत. सत्रात २० श्रेयांक असतील तर सारे मिळून आठवड्याला ४० तास होतात. नोकरदार माणूस कचेरीत घालवतो तेवढेच.

हा हिशेब प्रत्येक घरात कागदावर मांडून पाहावा. महाविद्यालय म्हणजे सकाळचे तीन तास आणि नंतर मोकळीक, ही समजूत त्याने दूर होईल. जी मुले शिकता शिकता कमावतात, त्यांच्या घरी तर हा हिशेब अधिकच काळजीने मांडावा लागेल. अशा विद्यार्थ्याने बाहेरच्या कामाचे तास ठरवताना मुख्य विषयाचे चार तास आधी बाजूला काढावेत आणि मग उरलेल्यांत बाकीचे बसवावे.

या चार तासांत काय करावे? पहिली गोष्ट, शिकवलेल्या प्रत्येक घटकासाठी एक मूळ साधन स्वतः वाचावे. पुस्तकाचे एक प्रकरण, एखादा लेख, एखादे पत्र, एखादा तक्ता, काहीही चालेल. मार्गदर्शिका म्हणून बाजारात मिळणारी गाईडे पहिल्या सत्रात तरी घरात आणू नयेत. दुसरी गोष्ट, वाचताना वहीच्या उजव्या बाजूला लेखकाचे म्हणणे आणि डाव्या बाजूला आपला प्रश्न लिहावा. डावी बाजू आठवडाभर कोरी राहिली तर वाचन झाले नाही असे समजावे. तिसरी गोष्ट, त्यांतील एक प्रश्न तरी अध्यापकांना विचारावा. वर्गात धीर होत नसेल तर तास संपल्यावर दाराशी थांबून विचारावा. प्रश्न विचारणारा विद्यार्थी शिक्षकाला आवडतो. भीती असते ती वर्गातील इतरांच्या हसण्याची, आणि ती पहिल्या महिन्यात ओलांडली की पुन्हा आड येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे भाषेची भिंत उभी राहते, हे नाकारण्यात अर्थ नाही. संदर्भग्रंथ बहुधा इंग्रजीत असतात. पहिल्या महिन्यात दिवसाला चार पाने वाचून होतात आणि शेजारी बसलेला विद्यार्थी चाळीस वाचतो. तेथे न्यूनगंड येतो. त्याच्यावर उपाय आहे आणि तो आपल्याच भाषेत आहे. शासनाच्या भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचे २० खंड आज घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. विषयाची संकल्पना आधी मराठीत पक्की करावी आणि मग तीच इंग्रजी ग्रंथात ओळखावी. जो विद्यार्थी एकच विचार दोन भाषांत मांडून पाहतो, त्याची समज एकभाषी विद्यार्थ्यापेक्षा घट्ट होते. पहिल्या सत्रात तो मागे दिसेल, तिसऱ्या सत्रात दिसणार नाही.

पंचाहत्तर टक्क्यांचा पेच

या व्यवस्थेत एक पेच आहे आणि तो पालकांपासून लपवणे योग्य होणार नाही. संशोधनासह ऑनर्स घ्यायचे तर पहिल्या सहा सत्रांचे ७५ टक्के हवेत. म्हणजे पहिल्या सत्राचे गुणही मोजले जाणार. एकीकडे विद्यार्थ्याला सांगायचे की, धाडस कर, अवघड प्रश्न घे, चुका कर आणि शीक. दुसरीकडे प्रत्येक चुकीची नोंद ठेवायची. अशा वेळी शहाणा विद्यार्थी सोपा विषय, सोपा अध्यापक आणि पाठ केलेले उत्तर निवडतो. सहा सत्रांनंतर त्याच्यापाशी ७५ टक्के असतात, परंतु संशोधनासाठी लागणारा प्रश्न नसतो. चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहायला बसल्यावर हे उघड होते. मग प्रबंधही इकडून तिकडून जमवला जातो.

धोरण बदलणे विद्यार्थ्याच्या हाती नाही. मात्र हिशेब समजून घेणे त्याच्या हाती आहे. ज्या दिवशी ११ गुण मिळाले तो दिवस सहा सत्रांचा एक लहानसा अंश आहे. पहिल्या चाचणीतील घसरण पुढे भरून निघते. चुकीच्या सवयीने मिळवलेले गुण मात्र पुढे आधार देत नाहीत. अध्यापकांनीही पहिल्या सत्रातील अंतर्गत मूल्यमापनात सुधारलेले उत्तर पुन्हा लिहून आणण्याची संधी ठेवली, तर हा पेच बराच सैल होईल. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट व्हावी. सर्वांनी चौथे वर्ष केलेच पाहिजे असे नाही. घरची परिस्थिती, नोकरीची गरज, स्वतःचा कल पाहून तीन वर्षांनी थांबणारा विद्यार्थी कोठेही कमी ठरत नाही. चौथे वर्ष करणाऱ्यास पुढील पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करण्याची वाट खुली असते, हाही हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. त्याचबरोबर आपल्या महाविद्यालयात त्या विषयाचे पूर्णवेळ अध्यापक किती आहेत, ग्रंथालयात पुस्तके आहेत की नाही, चौथे वर्ष तेथे खरोखर चालवले जाते का, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावे. ‘कशावरून?’ हा प्रश्न संस्थांनाही विचारायचा असतो.

त्या रात्रीच्या फोनला उत्तर

आता पुन्हा त्या वसतिगृहातील विद्यार्थिनीकडे जाऊ. २० पैकी ११ गुणांचा कागद हाती आहे आणि तिने वडिलांना विचारले आहे, ‘बाबा, विषय बदलू का?’

वडील शेतकरी असतील, शिक्षक असतील, दुकानदार असतील. त्यांना इतिहासाची साधने ठाऊक असण्याची गरज नाही. त्यांनी रागावू नये. आठवड्याला पैसे किती लागतात ते मोजून दाखवू नये. शेजारच्या मुलाने संगणकाचा अभ्यासक्रम घेतला आहे, याचीही आठवण देऊ नये. त्यांनी एवढेच विचारावे, ‘सरांनी समासात काय लिहिलंय?’ ती सांगेल, ‘कशावरून, असं लिहिलंय.’ मग त्यांनी म्हणावे, ‘मग बाळ, उद्या जाऊन शोध ना, कशावरून ते. विषयाचं सत्र संपल्यावर बघू.’

हे उत्तर देता यावे यासाठी पालकांनी आधीपासून एक सवय लावून घ्यावी. फोनवर ‘किती मिळाले?’ हा प्रश्न महिन्यातून एकदा विचारावा आणि ‘या आठवड्यात काय नवीन कळलं?’ हा दर रविवारी. मूल सांगेल ते सगळेच समजेल असे नाही. परंतु आपण शिकतो आहोत त्यात घराला रस आहे, एवढे त्याला कळेल. परगावी राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला त्याहून मोठा आधार नसतो.

आपल्या समाजात कार्यकर्त्यांची कमतरता कधीच नव्हती. मात्र एखाद्या विषयात दहा-दहा वर्षे मुरलेले, मूळ साधने हाताळलेले, चार लोकांत बोलताना पुराव्याची जबाबदारी घेणारे अभ्यासक पुरेसे नाहीत. समाजमाध्यमांवर क्षणाक्षणाला फिरणाऱ्या मजकुरात आपल्या बाजूचा आहे म्हणून खरा आणि विरोधी बाजूचा आहे म्हणून खोटा, अशी विभागणी सर्रास चालते. जो तरुण आपल्याला आवडणाऱ्या मजकुरालाही ‘कशावरून?’ असे विचारू शकतो, तोच उद्या समाजाला भरवशाचे काही देऊ शकेल. सुभाषबाबूंनी ते स्वतःच्या श्रद्धेला विचारले होते. राजवाड्यांनी ते बखरींना विचारले होते.

विद्यार्थी मित्रहो, पहिल्या सत्राचे हे पंधरा आठवडे फार लवकर संपतात. वर्गात पुढच्या बाकावर बसा, ग्रंथालयाचे ओळखपत्र पहिल्याच आठवड्यात काढून घ्या, आणि पहिली उत्तरपत्रिका हाती आल्यावर गुणांच्या आधी समास वाचा. तेथे तांबड्या शाईने काही लिहिलेले असेल, तर ते लिहिण्यासाठी कोणी तरी आपली उत्तरपत्रिका शेवटपर्यंत वाचली आहे. दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडण्याच्या वेळी दाराशी उभे राहा.